'काम केलं'चं इंग्रजी

'तिने नाटकात डॉक्टरचं काम केलं' याचं भाषांतर करताना 'वर्क' लिहू नकोस. सगळेच सुरुवातीला इथे घसरतात, मीही घसरलो. भूमिकेसाठी 'प्ले' वापर आणि भूमिका थेट त्याच्यापुढे ठेव: 'शी प्लेड अ डॉक्टर'. मध्ये 'ॲज' नको. 'ॲक्टेड ॲज' म्हटलंस, तर तिने खरोखरच ते काम तात्पुरतं सांभाळलं असाही अर्थ निघतो! नुसता अभिनय म्हणायचा असेल तर 'ॲक्ट', प्रयोग सादर करणं म्हणजे 'परफॉर्म'. 'पोर्ट्रे' आपल्या 'साकारणे'सारखं, जरा समीक्षकी. बोलताना जड वाटतं. 'इंपर्सनेट' मात्र जपून वापर, त्यात नक्कल येते तशी तोतयेगिरीही. आणि 'ॲक्ट अप'चा अभिनयाशी संबंध नाही; हट्टी पोर किंवा बिघडलेलं यंत्र 'ॲक्ट अप' करतं.