हत्ती-जिराफांना कुंपणाबाहेर ठेवलं तर झाडं जोमानं वाढतील का?

तुमचा प्रश्न असा आहे की हत्ती, गवे, हरणं पाला ओरबाडतात, फांद्या मोडतात. मग रानाच्या एखाद्या तुकड्याला भक्कम कुंपण घालून त्यांना बाहेर ठेवलं तर आतलं जंगल फोफावेल ना? बहुतेकांना असंच वाटतं. केनियात हे प्रत्यक्ष करून पाहिलंय आणि तिथलं उत्तर मला फार विलक्षण वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केनियाच्या लाइकिपिया भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. तिथे एका जातीच्या बाभळींचं रानच्या रान पसरलेलं आहे. या झाडाच्या काही काट्यांचं बूड फुगून पोकळ गोळा तयार होतो. मुंग्या त्याला भोक पाडून आत बिऱ्हाड करतात आणि वारा सुटला की त्या भोकांतून शीळ वाजते. पानांच्या देठाशी गोड रस पाझरतो, तो मुंग्यांचा खुराक. हत्तीने सोंड घातली की याच मुंग्या झुंडीने सोंडेत घुसून कडकडून चावतात. एवढं अजस्र जनावर मुकाट्याने दुसरं झाड शोधतं.

1995 मध्ये तिथे कुंपणं उभी राहिली. काही तुकड्यांतून फक्त हत्ती-जिराफ वगळले, काहींतून सगळीच मोठी जनावरं. 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे प्रसिद्ध झालं ते असं: खाणारं कोणी उरलं नाही तशी दहा वर्षांत आतल्या झाडांनी रस कमी केला, पोकळ काटेही कमी केले. राखणदार मुंग्या उपाशी राहून ढिल्या पडल्या. त्यांची जागा दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी घेतली. या नव्या मुंग्या काट्यांत राहतच नाहीत. त्यांना खोडातली भोकं लागतात, आणि ती पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांना त्या मोकळं रान देतात. अशी झाडं खुरटतात आणि त्यांचं मरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. हत्तीपासून वाचवलेलं झाड अळीने खाल्लं!

पण याचा अर्थ जनावरं असली की झाडं नेहमीच वाढतात, असाही नाही. जनावर पाला खाणारं की गवत खाणारं, यावर बरंच अवलंबून असतं. टांझानियाच्या सेरेंगेटी या गवताळ रानात 1890 च्या सुमारास बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ पोहोचली आणि तिने गुरांबरोबर विल्डेबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या हरणवर्गी प्राण्याचाही फडशा पाडला. पुढे गुरांना लस टोचली गेली, 1960 च्या दशकात रोग हटला आणि सुमारे अडीच लाखांवर असलेले विल्डेबीस्ट 1970 च्या दशकाअखेर बारा लाखांच्या पुढे गेले. त्यांनी गवत खाल्लं, त्यामुळे वणव्याला जळण उरेना आणि पूर्वी होरपळून जाणारी रोपटी तगली. चरणाऱ्या जनावरांनी झाडं वाढवली ती अशी. (गुरांना टोचलेल्या लशीमुळे रानात झाडं वाढली, ही साखळी मला आजही थक्क करते.)

मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात वेगळंच घडलं. 1977 ते 1992 च्या यादवी युद्धात तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक मोठी जनावरं मारली गेली. मग लाजाळूच्या कुळातलं एक परदेशी काटेरी झुडूप पूरमैदानावर माजलं. पुढे हरणवर्गी प्राणी पुन्हा वाढले आणि त्यांनी ते खाऊन युद्धाआधीच्या पातळीवर आणलं.

आपल्याकडचं बघायचं असेल तर माळावरच्या साध्या बाभळीकडे जा. रोप गुडघाभर असतं तेव्हा त्यावर लांबलचक पांढरे काटे असतात. झाड जुनं होऊन तोंडाच्या आवाक्याबाहेर गेलं की वर काटे तुरळक. आणि हेच झाड शेळ्यांना आवडणाऱ्या शेंगा धरतं. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर त्यांच्या गोठ्यात पडलेलं बाभळीचं बी झाडाखाली पडलेल्या बियांपेक्षा लवकर उगवतं, हे धनगरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

तेव्हा कुंपण घालूच नका, असं मी म्हणणार नाही. कोवळी रोपं शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत राखावीच लागतात. पण कायमचं बंद करण्याआधी तिथे पाला कोण खातं, गवत कोण खातं आणि उन्हाळ्यात वणवा लागतो का, हे पाहा. तुमच्या मनात एखादी ठरावीक जागा असेल तर तेवढं इथे कळवा, म्हणजे त्या जागेपुरतं नेमकं बोलता येईल.