माळ्यावरची पेटी

प्रश्न : काका, मी ५२ वर्षांची. शाळेत असताना पेटी शिकत होते, गांधर्व मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षाही दिल्या. मग नोकरी, लग्न, लेकीचं शिक्षण. आता लेक नोकरीला बंगळुरूला गेली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली काढली, तर दोन सूर बोलतच नाहीत. भूप वाजवायला बसले आणि बोटं अशी अडखळली की रडू आलं. हे म्हणाले, “आता काय कार्यक्रम करायचेत?” चेष्टेनंच म्हणाले, पण लागलं. नवी पेटी घेऊ, क्लास लावू, की बागकामासारखं काही सोपं शोधू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बागकाम सोपं असतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या हिच्या गच्चीतल्या मिरचीवर तीन वर्षं मावा पडतोय, आणि रोज सकाळी मला त्याचा अहवाल ऐकावा लागतो.

मी एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस. आधी गाडी बघतो, मग ड्रायव्हर. नवी पेटी मुळीच घेऊ नका. पुढचे सगळे स्टॉपर, म्हणजे ओढायची बटणं, आत ढकला आणि भाता मारा. हाताला लगेच अडल्यासारखं वाटलं तर भाता शाबूत आहे. नुसताच ढिला हलत राहिला तर हवा गळतेय, चामडं नाहीतर कापड गेलंय. न बोलणाऱ्या सुरांत बहुतेक वेळा धुळीचा कण नाहीतर कसरीचा उद्योग निघतो. पट्टी अडकत असेल तर लाकडाने पावसाळ्यातली ओल धरलीय. चार दिवस कोरड्या खोलीत ठेवा, उन्हात मात्र नको, सांधे सुटतात.

सूर लावायच्या फंदात स्वतः पडू नका. आतली सूर देणारी पितळी जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो, एवढं ऐकून मी एकदा हत्यार घेऊन बसलो होतो. माझा मध्यम पार पंचमाच्या दारात जाऊन उभा राहिला. खरवडलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

आता ड्रायव्हर. मी ४९व्या वर्षी पुन्हा पेटीसमोर बसलो, तेव्हा मलाही वाटलं होतं की हात गेला. हात होता तिथेच होता, पुढे गेला होता कान. इतकी वर्षं आपण रेडिओवर, कॅसेटवर चांगलंच ऐकत आलो. शाळेत असताना तुमचा भूप याहून बरा होता असं नाही. तो कसा वाजतोय हे तेव्हा तुम्हाला कळत नव्हतं. आता कळतंय, म्हणून रडू येतं. बोटांना कानाच्या जवळपास यायला मला सात-आठ महिने लागले, तेही रोज वीसच मिनिटं बसून. पेटी दिवाणावर उघडीच ठेवा, वर एक जुनी साडी टाका. माळ्यावर काय, कपाटात गेली तरी ती पुन्हा निघायची नाही.

क्लासबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. परीक्षा तुम्ही दिल्यात, आता पुन्हा मध्यमा प्रथमच्या मागे कशाला लागायचं? त्यापेक्षा तुमच्या भागातलं महिला भजनी मंडळ गाठा. गाणाऱ्या पंधरा असतात, पेटीला माणूस मिळत नाही. तिथे गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, तुम्ही ठरवायची नसते. तुम्ही भूप पांढरी एकमधून शिकला असाल, पाचही सूर पांढऱ्यांवर. बायका लावतील काळी चार. म्हणजे सा, रे, प काळ्यांवर, ग आणि ध पांढऱ्यांवर. पहिल्या गुरुवारी घाम फुटेल. पण टाळांच्या गजरात चुकलेला धैवत कुणाला ऐकू जात नाही, आणि पुढच्या आवर्तनात तो दुरुस्त करता येतो. एकटीने खोलीत बसून वाजवताना ही सवलत नसते. आमच्या भजनात मी पहिले तीन महिने चालीचं निम्मंच वाजवत होतो. उरलेल्या निम्म्यात नुसता षड्ज धरून भाता मारायचो. बुवा एकदा म्हणाले, “बरं धरता हो तुम्ही.” ती माझी आजवरची सगळ्यात मोठी बिदागी.

खंड पडला याचं फार मनावर घेऊ नका. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही म्हणून १९४० मध्ये रेडिओनेच तिला बाहेर काढलं होतं. १९७१ मध्ये दार थोडं उघडलं, आणि आता तिच्याशिवाय मैफल सजत नाही.

यजमानांना उत्तर देत बसू नका. दुरुस्तीला जाताना त्यांनाच सोबत न्या, पेटी जड असते. आणि रिक्षात ती पायाशी ठेवू नका, मांडीवर घ्या. खड्ड्यात आदळली तर बोलणारे सूरही गप्प होतात.