डोंगरातल्या छोट्या गावात निसर्ग आणि जंगली प्राण्यांमुळे रोजचं जगणं कसं असतं?

पुण्यातली नोकरी सोडून अशा गावात कायमचं यायचं मनात आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी आंबोलीचा. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर, घाट चढून आलं की आमचं गाव. उंची साधारण ६९० मीटर, पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास. घरात हा पाऊस कसा दिसतो तेही सांगतो. जून ते सप्टेंबर चपला, पट्टे, लग्नाचा अल्बम, सगळ्यावर बुरा. मिठाला बरणीत पाणी सुटतं. कपडे वाळवायचे तर निखारे घमेल्यात काढायचे, वर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर पसरायचे. शाळेत सगळ्यांच्याच गणवेशाला धुराचा वास, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवत नसे.

शेतात काय लावायचं ते मात्र गवे ठरवतात. आमच्या वरच्या कोपऱ्यात पूर्वी नाचणी असायची. कणसं भरायला आली की कळप एका रात्रीत साफ करून जायचा. जुन्या साड्या बांधून झाल्या, डबे वाजवून झाले, कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीनही लावलं. शेवटी तो तुकडा सोडला. पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण नाचणीची भाकरी काही परत येत नाही.

एकदा रात्री लाईट गेलेली. कुत्रा नुसता गुरगुरत होता, भुंकेना. मी बॅटरी मारली तर अंगणात आधी फक्त चार पांढरे पाय दिसले, मोजे घातल्यासारखे. वरचं गव्याचं काळं धूड अंधारात मिसळून गेलेलं. केळीचं पान ओढताना त्याचा श्वास ऐकू येत होता. बाबा दारातूनच हळू म्हणाले, "उगी रव, तो आपसून जातलो." गेलाही, पण अर्ध्या तासानं. तोवर आम्ही सगळे माजघरात गप्प.

छोट्या जीवांचा मान वेगळा. पहिल्या पावसात सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कातळातल्या ओंजळभर पाण्यात, पिवळ्या पट्ट्यांचे भेक जमतात. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्यांना झँथोफ्रीन टायगेरिना हे नाव दिलं, म्हणजे आंबोली टोड. ते रस्ताही ओलांडतात आणि गाड्यांखाली चिरडले जातात, म्हणून त्या रात्री मी गाडी काढत नाही. हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात आजी आम्हाला हातसुद्धा घालू द्यायची नाही. तिथल्या माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आता बेडूक, चापडा हा विषारी साप बघायला लोक भर पावसात येतात, राहतात, वाटाड्याला पैसे देतात. माझा निम्मा संसार त्यावर चालतो. बेडकासाठी माणसं खर्च करतात हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

खरा वैताग माकडांचा, आणि तो पर्यटकांनी लावलेला. धबधब्यावर वेफर्स खाऊन सोकावलेली माकडं आता कडी काढून स्वयंपाकघरात येतात. पाकिटाचा आवाज त्यांना बरोबर कळतो, म्हणून आमच्याकडे बिस्किटंसुद्धा स्टीलच्या डब्यात.

यायचंच असेल तर जागा घेण्याआधी जुलैचा पूर्ण महिना इथे भाड्यानं राहून बघा. डिसेंबरच्या धुक्यात फिरायला येऊन ठरवू नका. जमिनीचे कागद वकिलाकडून तपासून घ्या. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींचा घोळ कित्येक वर्षं चालत आलेला आहे. आणि कुत्रा पाळणार असाल तर दिवेलागणीला घरात घ्या. आमचे दोन बिबट्यानं नेले, त्यातला एक पडवीतून, साखळीसकट.