उत्तर: जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रामचा सोर्स कोड ठेवायचा की टाकायचा?

मालक, आधी भंगारवाल्याला परत पाठवा. बाकीचं सावकाश वाचा.

टॉवेल कारखान्याचा जुना संगणक भंगारात निघालाय, प्रोग्राम लिहिणारे काका वारले, एक्झी (संगणक चालवतो ती तयार फाइल) नव्या मशिनवर चालतेय, मग त्या फ्लॉप्या आणि सोर्स कोड (काकांनी हाताने लिहिलेला मूळ प्रोग्राम) कशाला सांभाळायचा, असं तुम्ही विचारलंय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर संस्थेचे हिशेब मी बरीच वर्षं बघितले. तिथेही फॉक्सप्रोच (नोंदी-हिशेबाचे प्रोग्राम लिहायची जुनी प्रणाली) होतं, आणि 'चालतंय की, मग कशाला?' हे वाक्यही तेच. बॅकअप कसा घ्यायचा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

आमचा प्रोग्राम मजुरीचा होता. नगावर मजुरी, त्यातून उचल वजा, वर्षाअखेर बोनस. एका मयत कामगाराच्या घरच्यांनी जुन्या बोनसचा हिशेब मागितला. डीबीएफ, म्हणजे नोंदींची फाइल उघडली, आकडा दिसला. पण तो आकडा कोणत्या नियमाने आला? रीफॉक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरून एक्झीतून कोड उलटा काढला, तर निघाला शेवटच्या आवृत्तीचा. मधल्या काळात नियम बदलत गेले होते आणि प्रत्येक वेळी जुन्यावर नवं चढवलं होतं. शिवाय प्रोग्रामरने ओळीशेजारी लिहिलेले शेरे एक्झीत उतरतच नाहीत. 'अमुक बैठकीत ठरल्याप्रमाणे' असं काही लिहिलं असलंच, तर ते फक्त सोर्समध्ये.

आणि सोर्स होता एका कार्यालयाकडे. त्यांनीच तो प्रोग्राम करून घेऊन आमच्यासारख्या संस्थांना दिला होता. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला, आवकचा शिक्का घेतला. मग अर्ज स्टेशनरीच्या टेबलावर, कारण फ्लॉपी म्हणजे स्टेशनरी! साहेब मीटिंगला, साहेब पंढरपूरला बंदोबस्ताला, साहेब रजेवर. शेवटी एका बाईंनी मनावर घेऊन डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या सामानाची नोंदवही काढली. फ्लॉपी, इतके नग, निर्लेखित (म्हणजे नोंदीतून काढून टाकल्या). शेरा: वाचण्याचे यंत्र उपलब्ध नाही. नग बरोबर मोजले होते हो, आत काय आहे याला रजिस्टरात रकानाच नव्हता. मोडकी खुर्ची काढायला तिथे ढीगभर सह्या लागतात. वर साहेब विचारतात, 'सॉफ्टवेअर तुमच्याकडे चालू आहे ना?' त्यावर मनात आलं ते इथे लिहिलं तर हा प्रतिसाद उडेल.

शेवटी अंदाजाने तडजोड झाली. त्या घराला कमी मिळालं की जास्त, कुणीच सांगू शकत नाही.

आपल्या गावात हे समजायला जड जाऊ नये. एक्झी म्हणजे विणून झालेली चादर, सोर्स म्हणजे डिझाइनचा ग्राफ आणि मागाला नक्षी सांगणारी जकार्डची पंचकार्डं. चादर बघून ग्राफ पुन्हा काढता येतो, पण नक्षीत दोन तारा कमी का केल्या ते चादर सांगत नाही.

हे फक्त आपल्यासारख्यांचं रडगाणं नाही. अपोलो ११ च्या संगणकाचा कोड आज कुणालाही वाचता येतो, कारण त्याचे कागदी प्रिंटआउट एमआयटीच्या संग्रहालयात टिकले. चंद्रावर उतरण्याच्या भागात एका शेऱ्यात लिहिलंय, 'तात्पुरतं, अशी आशा आशा आशा'. तात्पुरती ओळ तशीच चंद्रापर्यंत गेली, हे एक्झीवरून कधी कळलं असतं? म्हणून माझं मत, महत्त्वाच्या पीआरजी फाइली (फॉक्सप्रोचा सोर्स त्यांतच असतो) कागदावरही छापा. लोक हसतील, हसू द्या.

इंटरनेटवर टाकलं की सुटलो, असंही समजू नका. कोड ठेवायच्या वेबसाइटींपैकी गिटोरियस २०१५ मध्ये बंद झालं, गूगल कोड २०१६ मध्ये, आणि बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं एक साधन) वापरणारी सगळी भांडारं काढली. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज मात्र याच कामासाठी आहे, युनेस्कोही त्यांच्यासोबत आहे. सार्वजनिक भांडारातला कोड ते कायमचा जतन करतात. पण तिथे गेलेलं परत काढणं सोपं नसतं, म्हणून आधी कामगारांची नावं, खाते क्रमांक, पासवर्ड बघून काढा.

आता कायदा. मी वकील नाही, नीट विचारून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. काका तुमच्याकडे पगारावर असतील तर हक्क सहसा मालकाचा. बाहेरून काम करून देत असतील आणि लेखी काही नसेल, तर हक्क त्यांचा आणि आता वारसांचा. स्वतःसाठी बॅकअप ठेवायला अडचण नाही, जाहीर करायचं असेल तर वारसांकडून लिहून घ्या. हक्कच तुमच्या नावावर करून घेणार असाल तर त्यात मुदत घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बाकी किरकोळ. जुनी हार्डडिस्क पुन्हा पुन्हा चालू करू नका, एकदाच पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढा. एकाच नावाच्या चार फाइली दिसल्या तर 'डुप्लिकेट' म्हणून उडवू नका, त्याच जुन्या आवृत्त्या असतात. मराठी अक्षरं युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीची असणार, तेव्हा तो फॉन्टही सोबत ठेवा, नाहीतर कामगारांची नावं कचऱ्यासारखी दिसतील.

सोलापुरातच असाल तर यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप टाका, घेऊन जा. परत आणून द्या मात्र, मागची एक अजून आलेली नाही.