महापालिका आपल्या एरियातली हवा खरंच मोजते का? नागपुरात दिघोरीकडे मशीन लावून घ्यायची तर कोणाला भेटायचं? आकडे तर एसीत बसूनच लिहीत असतील.

पहिले सरळ सांगतो, मोजायचं मुख्य काम महापालिकेचं नाहीच. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यानं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिलंय. महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो, त्यातले हवेचे आकडे बहुतेक मंडळाकडून नाही तर नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेकडून आलेले असतात. त्यामुळे झोन ऑफिसात जाऊन मशीन मागाल तर समोरचा नुसता तोंडाकडे पाहत राहील.

पण मी हे उत्तर लिहून राहिलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "आकडे तर एसीत बसूनच लिहीत असतील." ना भाऊ. ते आकडे काढायचं काम मी केलंय, बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर, कॉन्ट्रॅक्टवर. हाताने चालवायच्या स्टेशनवर आठवड्यातून दोन दिवस पूर्ण २४ तास मोजमाप चालतं, वर्षाचे धरून १०४ दिवस. गच्चीवर सॅम्पलर असतो, तो मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो आणि पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. धुळीचा फिल्टर दर आठ तासांनी बदलायचा, हवेतले गॅस शोषणाऱ्या द्रावणाच्या बाटल्या दर चार तासांनी, म्हणजे मधल्या रात्री पण गच्चीवर जायचंच, डिसेंबर असो का मे. बाटल्या बर्फात ठेवाव्या लागतात आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर बर्फ किती टिकतो ते तुम्हाला सांगायला नको, मी रसवंतीवाल्याकडून लादी तोडून आणायचो, तो म्हणायचा बाप्पा तुम्ही रोज पार्टी करता का. फिल्टर आधी डेसिकेटरमध्ये (ओलावा काढणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून वजन करायचं, नंतर परत वजन, फरक निघतो तो मिलिग्रॅममध्ये. पांढराशुभ्र लावलेला कागद काढताना काळपट करडा झालेला असतो, तो एकदा हातात धरला की एसीतली गोष्ट कोणी बोलणार नाही.

एकदा त्या बिल्डिंगच्या चौकीदारानं आमचा प्लग काढून स्वतःचा कूलर लावला. सकाळी गेलो तर मशीन थंड, चौकीदार पण थंड. १६ तासांपेक्षा कमी मोजलं तर तो दिवस धरत नाहीत, म्हणून रजिस्टरात "बाद" लिहिलं. सायबांनी कुरकुर केली, पण बाद म्हणजे बाद. आकडे मनानेच लिहायचे असते तर त्या दिवशी लिहिले नसते का?

हेच आमच्या भाऊजींना (मोठ्या बहिणीचे मिस्टर) किती वर्षांपासून सांगून राहिलो. दर सणाला जेवताना फोन काढतात, "पाय, तुमचं सरकार शंभर सांगते अन् हे दीडशेच्या वर." आता ऐका. पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक धूळ, एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या एक्यूआयमध्ये (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात) ते बरोबर १०० येतं, म्हणजे "समाधानकारक". तीच हवा अमेरिकेच्या मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते. धूळ तेवढीच, पट्टी वेगळी. भाऊजींच्या फोनवर विदेशी अ‍ॅप आहे आणि ते तर "बेसा" असं एरियाचं नाव लिहून आकडा दाखवतं, जिथे मशीनच नाही, दूरदूरच्या आकड्यांवरून आणि उपग्रहावरून अंदाज काढलेला असतो. आपली नेहमी चालणारी ऑटोमॅटिक स्टेशनं म्हणजे जीपीओसमोरचं, मग अंबाझरी, महाल, रामनगर. दिघोरी त्यात नाही.

आणि दिघोरीत मशीन लागली तरी ती तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लागणार नाही. हवा ओढायचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर पाहिजे, झाडाखाली नको, चिमणीजवळ नको, कारण त्याला एरियाची हवा मोजायची असते, तुमच्या शेजारच्या प्लॉटवर पडलेल्या रेतीच्या ढिगाची नाही.

म्हणून मशीनच्या मागे लागू नका, धुळीच्या मागे लागा. हे मात्र महापालिकेचंच काम. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आहे, पंधराव्या वित्त आयोगातूनही दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठी पैसा मिळाला. तो रस्ते झाडायच्या मशिनी, पाणी फवारणं, असल्या कामांसाठी असतो. सिमेंट रोडचं खोदकाम महिनोन् महिने उघडं, मलबा न झाकता ट्रक जाऊन राहिले, सकाळी झाडूवाले पानं पेटवून राहिले, याचे फोटो तारखेसकट झोनला द्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख किंवा एमआयडीसीचा धूर असेल तर मंडळाकडे.

आता भाऊजींना पूर्ण खोटं पाडायचं नाहीये. आपली पट्टीच सैल आहे हे खरं, पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा आपल्याकडे ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. घरात कोणाला दमा असेल तर "समाधानकारक" वाचून निवांत बसू नका, डॉक्टरचं ऐका. पण पट्टी सैल असणं वेगळं आणि आकडे खोटे असणं वेगळं, एवढं एमकॉम झालेल्या माणसाला कळायला पाहिजे.

मागच्या दिवाळीत भाऊजींनी ऑनलाइन छोटं सेन्सर मागवलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. ताईनं सावजी मसाला परतायला घेतला की ते लाल होतं, आणि हे मला फोटो पाठवतात. तुम्ही घेतलं तर बाहेर, किचनपासून लांब लावा, आणि दमट दिवसातले आकडे धरू नका, ओलाव्यानं ते फुगतात. खरे आकडे पाहिजे असतील तर माहिती अधिकारात मंडळाच्या नागपूर कार्यालयाला अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "आमची हवा खराब आहे का" असं विचारू नका. स्टेशनचं नाव लिहा, महिना लिहा, रोजच्या नोंदी मागा, आणि किती दिवस बाद झाले तेही मागा.