सातवीच्या मुलांना मॉडेलमधून तर्क कसा शिकवायचा: बांगडे, बोटी आणि पावसाळी बंदी

ताई, तुमचा प्रश्न असा की गोव्यातल्या फोंड्याच्या तुमच्या वर्गातली मुलं स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या साधनात) मासे-बोटी झकास हलवतात, पण ‘असं का झालं?’ म्हटलं की गप्प बसतात.

पहिला तास संगणक बंदच ठेवा. फळ्यावर बांगडे, बोटी, पकड, बाजारभाव एवढं लिहा आणि बाण मुलांकडून काढून घ्या. बोटी वाढल्या की पकड वाढते, तिथे अधिक. पकड वाढली की समुद्रातले बांगडे घटतात, तिथे उणे. बांगडे घटले की भाव चढतो, भाव चढला की आणखी बोटी. आकडे नकोत. ‘हे वाढलं की ते घटतं’ एवढं या वयात छान बोलता येतं; सूत्र आधी दिलं तर मुलं आकडेमोडीत शिरतात आणि कारण विसरतात.

मग स्क्रॅच. बांगडे 1000, बोटी 10, एक फेरी म्हणजे एक महिना. जन्म = 0.2 × बांगडे × (1 − बांगडे ÷ 2000), पकड = बोटी × 10. (आकडे सोयीसाठी घेतलेत, समुद्र मोजून नव्हे.) जन्म आणि पकड दोन्ही आधी काढायचे, मगच बांगडे बदलायचे. हे दोन वेगळ्या हिरव्या झेंड्यांखाली (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या ठोकळ्यांखाली) ठेवलं तर आधी काय झालं ते मुलांना कळत नाही. बांगडे शून्याखाली गेले की 0 करून थांबवा.

10 बोटींना जन्म 100, पकड 100, म्हणून बांगड्यांच्या आलेखाची रेघ सपाट. आता 11 बोटी. चालवण्याआधी प्रत्येकाने वहीत पेनने रेघ काढायची, पेन्सिलने नव्हे, नाहीतर नंतर गुपचूप खोडतात. बहुतेक जण हलका सरळ उतार काढतील. पडद्यावर पहिल्या वर्षात जेमतेम 125 बांगडे कमी होतात आणि चौथ्या वर्षात समुद्र रिकामा! बांगडे कमी म्हणून जन्म कमी, पकड मात्र 110 च, म्हणून तूट दर महिन्याला वाढते. हे वाक्य तुम्ही बोलू नका. वहीतली रेघ आणि पडद्यावरची रेघ शेजारी ठेवून गप्प राहा.

त्यानंतर मासेमारीवर पावसाळी बंदी घाला: आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, म्हणून महिन्याला 12 ने भागून बाकी 6 किंवा 7 उरली की पकड 0. आता 11 बोटींना बांगडे टिकतात, 13 ला टिकत नाहीत. हे आधी ओळखायला सांगा. कारण मात्र बेरजेत आहे: वर्षाला 11 × 10 × 10 = 1100, आणि जन्म जास्तीत जास्त 1200.

एक खाच लक्षात ठेवा. प्रत्येक मासा वेगळा क्लोन (चित्राची प्रत) केला, तर स्क्रॅच 300 क्लोनवर थांबतो आणि सांगत नाही. मुलं ठामपणे म्हणतात, ‘अन्न संपलं.’ ही चूक मासे मोजणाऱ्या चलाने टळते. पण मी ती एकदा मुद्दाम होऊ देईन आणि विचारीन: अन्न कुठे लिहिलंय, दाखव.

कुणी विचारलं, की ‘मासेच कमी असतील तर पकड 110 कशी राहील?’, तर बाकीचा पाठ बाजूला ठेवा. पकड = 0.01 × बोटी × बांगडे करून बघायला सांगा आणि नवी रेघ पुन्हा पेनने काढून घ्या.