सीताफळाच्या बियांत कसलं करिअर?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी. करून सीताफळाच्या बियांचं तेल 'ग्रीन सॉल्व्हंट'नं काढायचं म्हणते. तेल तर घाण्यावरही निघतं. त्यापेक्षा बी.एड. केलेलं बरं नाही का? – एक पालक, धारूर (जि. बीड)

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण मुलीला अडवू नका.

घाण्यावर तेल निघतं खरं, पण बरंच पेंडीत राहतं. ते काढायला सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन हे तेल विरघळवून घेणारं सॉल्व्हंट (द्रव) वापरतात. ते स्वस्त असतं आणि 69 अंशांना उकळत असल्यानं तेलातून सहज वेगळं होतं. मात्र ते पेट्रोलियमपासून येतं, झटकन पेट घेतं आणि त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कामगाराच्या हातापायांच्या नसा अधू होतात. म्हणून त्याला कमी घातक पर्यायांचा, म्हणजे 'ग्रीन सॉल्व्हंट'चा, शोध चालू आहे. 2-मिथाइलऑक्सोलेन या सॉल्व्हंटला युरोपीय संघानं 2023 मध्ये खाद्यपदार्थांसाठी मान्यता दिली.

पण नुसत्या 'ग्रीन' नावावर तिनं भाळू नये. इथेनॉल आपल्याकडं उसाच्या मळीपासून मिळतं, तरी एक किलो इथेनॉलची वाफ करायला हेक्झेनच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. शिवाय ते तेलासोबत साखर आणि फॉस्फोलिपिड (मेदासारखे चिकट पदार्थ) हेही ओढून आणतं. मग परवडतं काय? ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि हे मोजणं हाच तिचा खरा पेशा होईल. त्याच बियांच्या भुकटीतलं तेल सॉक्सलेटमध्ये (सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढणाऱ्या काचेच्या उपकरणात) एकदा हेक्झेननं, एकदा इथेनॉलनं काढायचं. उतारा, अ‍ॅसिड व्हॅल्यू (तेलात मोकळी आम्लं किती), आयोडीन व्हॅल्यू (तेल किती असंतृप्त) बघायची. मग तेलाचं सहज वाफ होणाऱ्या मिथाइल एस्टरमध्ये रूपांतर करून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) कोणती मेदाम्लं किती, ते वाचायचं. ज्याला हे हातानं जमतं त्याला तेल कारखान्याची लॅब, अन्न तपासणी प्रयोगशाळा, वाळूजच्या औषध कंपन्यांची क्यूसी (गुणवत्ता तपासणी), सगळीकडं विचारतात. विषय सीताफळाचा होता की करडईचा, हे तिथं कुणी बघत नाही.

एक मात्र तिला बजावून सांगा. सीताफळाच्या बियांत अ‍ॅसिटोजेनिन ही विषारी द्रव्यं असतात. हे तेल खायचं नाही. कीटकनाशकासाठी त्याचा विचार होतो. उवांसाठी ही भुकटी डोक्याला लावताना डोळ्यांत गेली की डोळे किती सुजतात, हे तुमच्या भागात ठाऊक असेलच. दळताना गॉगल हवाच.

बी.एड.चा रस्ता बंद होत नाही. ते एम.एस्सी.नंतरही करता येतं, आणि अकरावी-बारावीला शिकवायचं तर आधी एम.एस्सी. लागतंच. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही विद्यापीठांत केमिस्ट्री आहे. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. प्रवेशाआधी तिला घेऊन विभागात जा आणि तिथल्याच मुलांना विचारा : जीसी चालू आहे का, आणि तुम्हाला स्वतःला नमुना लावू देतात का? 'लांबूनच दाखवतात' असं उत्तर आलं, तर दुसरं कॉलेज बघा.